कुंडीतला पाइन : चाळीस उन्हाळ्यांची सोबत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त फर्दापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आम्ही समोर बसून ऐकावे, हे अधिक शोभले असते. मी आयुष्यभर विज्ञान शिकवणारा एक साधा शिक्षक. परंतु संयोजकांनी आग्रह धरला, की तुमच्या गच्चीवर जे झाड आहे त्याच्याविषयीच बोला. गावात ते झाड ‘मास्तरांचा पाइन’ म्हणून ओळखले जाते. कित्येक जणांनी ते पाहिले आहे आणि पाहून झाल्यावर ‘एवढेच का?’ असेही म्हटले आहे. हा प्रश्न वाजवी आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ वाढवलेले झाड आणि उंची माझ्या गुडघ्याएवढी! तर त्या ‘एवढ्या’चीच हकीकत आज सांगतो.

प्रथम नावाचा एक गोंधळ दूर करतो. या झाडाला हिंदीत ‘चीड’ किंवा ‘चीर’ म्हणतात. आपल्याकडे चीड म्हणजे राग. मी हे रोप घरी आणले तेव्हा आईने विचारले, “हे काय आणलेस?” मी म्हणालो, “चीड.” ती म्हणाली, “ती तर आधीच भरपूर आहे तुझ्याकडे.” तेव्हापासून घरात त्याला पाइनच म्हणतात. हिमालयाच्या पायथ्याकडच्या उतारांवर या झाडाची अरण्ये आहेत. जमिनीत ते शंभर फुटांच्याही वर जाते. त्याच्या खोडातून राळ काढतात आणि त्या राळेपासून टर्पेंटाईन होते. एका झुबक्यात तीन सुया, आणि प्रत्येक सुई वीतभर लांब. पाने लहान असणे ही बोन्सायची पहिली सोय. ती सोय या झाडात नाही, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर कदाचित मी त्याच्या वाटेला गेलोच नसतो.

‘बोन्साय’ हा जपानी शब्द. ‘बोन’ म्हणजे उथळ तबक आणि ‘साय’ म्हणजे लावणी. कला मुळात चीनची. तेथे आठव्या शतकाच्या आरंभीच्या एका राजपुत्राच्या थडग्यातील भित्तिचित्रात, लहान झाडांचे तबक हातात धरून चाललेले सेवक दाखवले आहेत. पुढे जपानने ती आपलीशी केली. मराठीत आपण ‘वामनवृक्ष’ म्हणतो. शब्द सुरेख आहे, परंतु त्याने एक गैरसमज पसरवला आहे, की हे झाड जातीनेच ठेंगणे असते, किंवा उपाशी ठेवून ठेंगणे केलेले असते. दोन्ही खोटे. माझ्या पाइनचे बी जमिनीत पडले तर त्याचे शंभर फुटी झाडच होईल. आणि उपाशी ठेवलेले झाड लहान राहत नाही, ते मरते.

आता आपण म्हणाल, अजिंठ्याच्या डोंगराखालचे, एप्रिल-मे महिन्यांत भट्टीसारखे तापणारे आपले फर्दापूर कोठे आणि जपानी कला कोठे? परंतु हा संबंध मी ओढूनताणून लावत नाही. जपानी यात्रेकरू आपल्या गावाला नवे नाहीत. १९१७-१८ च्या सुमारास अराई काम्पो नावाचे जपानी चित्रकार आपल्या सहकाऱ्यांसह अजिंठ्यास आले आणि लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करून त्यांनी जपानला नेल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात, त्यानंतरच्या आगीत, त्या नष्ट झाल्या. (अजिंठ्याच्या प्रतिकृतींच्या नशिबी आगच लिहिलेली दिसते. रॉबर्ट गिलची बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली, ग्रिफिथ्स यांची पुष्कळशी चित्रे १८८५ मध्ये त्याच शहरात. परंतु हे विषयांतर झाले.)

ज्या भूकंपाने अजिंठ्याच्या त्या प्रतिकृती नेल्या, त्याच भूकंपाने टोकियोतील बोन्साय जोपासणाऱ्या माळ्यांना शहराबाहेर घालवले. त्यांनी उत्तरेकडे ओमिया येथे जागा घेतली आणि १९२५ मध्ये तेथे बोन्सायचे एक गावच वसले. त्या गावाचे आरंभीचे नियम मला फार आवडतात. प्रत्येक घरी किमान दहा बोन्साय असावीत. फाटक सर्वांसाठी उघडे असावे. दुमजली घर बांधू नये. भिंतीऐवजी झाडांचे कुंपण असावे. दुमजली घर का नको? झाडांवर सावली पडू नये, शेजाऱ्याने वरून पाहू नये, अशी कारणे सांगतात. आपल्या गल्लीत हा नियम कोणी मांडला असता तर त्याला पहिला विरोध मीच केला असता, कारण माझा पाइन गच्चीवर आहे.

१९८३ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही काही शिक्षक कुमाऊंकडे गेलो होतो. राणीखेतजवळच्या एका रोपवाटिकेतून मी चीडची दोन रोपे घेतली. रोपे पेन्सिलीएवढी होती. ओल्या गोणपाटात गुंडाळून तीन गाड्या बदलत ती येथवर आणली. आगगाडीत एका सहप्रवाशाने विचारले, “गवत आहे का?” मी होकार दिला, समजावत बसलो नाही.

त्यांतील एक रोप मी मारले. हे मी स्पष्टच सांगतो, कारण त्या मरणातूनच मी हे शिकलो. आपल्याकडे रोप लावायचे ते मृगात, ही आपली शेतकऱ्यांची रीत. त्यानुसार १९८५ च्या जूनमध्ये मी एका रोपाची कुंडी बदलली. मुळांवर पांढरी बुरशी दिसली. वाटले, रोग आहे. नळाखाली धरून मुळे स्वच्छ धुतली, नव्या मातीत रोप बसवले आणि समाधानाने हात धुतले. ती पांढरी बुरशी रोग नव्हती. पाइनच्या मुळांशी तिचे साहचर्य असते. ती जमिनीतील पाणी व क्षार झाडाला पुरवते आणि झाड तिला साखर देते. मी त्या दोघांची फारकत केली, आणि तीही नेमक्या चुकीच्या ऋतूत.

पाइनचे एक वैशिष्ट्य असे, की तो आपले मरण लवकर कळू देत नाही. पिंपळ सुकला की चार दिवसांत पाने गळतात. पाइनच्या सुया मात्र मुळे मेल्यावरही कित्येक आठवडे हिरव्या राहतात. गणपती बसले तेव्हा सुया करड्या होऊ लागल्या. म्हणजे जवळजवळ दोन महिने झाड मेलेले होते आणि मी त्याला रोज सकाळी पाणी घालत होतो.

दुसरे रोप वाचले, ते माझ्या आळसामुळे. त्याची कुंडी बदलायची राहून गेली होती. पुढे पुस्तके मिळवून वाचली. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात बोन्साय ठेवलेली असतात. तेथे तासन्‌तास उभा राहिलो. तेव्हा कळले, की पाइनची कुंडी थंडी सरता सरता, नवे कोंब हलण्याआधी बदलायची. आपल्याकडे म्हणजे माघात. तीही दर वर्षी नव्हे, तर चार-पाच वर्षांनी एकदा. एका वेळी अर्ध्याच मुळांना हात लावायचा आणि जुन्या मातीची मूठ नव्या मातीत मिसळायची, म्हणजे ती पांढरी बुरशी सोबत येते.

मातीविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आपल्या भागात निम्मी झाडे मातीने मरतात. आपली काळी जमीन कपाशीला माउली आहे, कुंडीत मात्र ती वैरीण. पावसात ती चिखल धरून बसते, मुळांचा श्वास कोंडतो. उन्हात ती तडकते आणि तडकताना बारीक मुळे तोडते. मी चाळलेला मुरूम एक भाग, वीटचुरा एक भाग आणि पालापाचोळ्याचे कुजलेले खत अर्धा भाग घेतो. चाळणीतून पडलेली भुकटी टाकून द्यायची, खडेच ठेवायचे. वरून घातलेले पाणी तबकाच्या भोकांतून लगेच खाली आले पाहिजे. घरच्या मंडळींना वाटते, पाणी वाया गेले. ते वाया जात नाही, जाताना ते मुळांकडे हवा ओढून नेते.

खताच्या बाबतीत आपल्या श्रावकांना अडचण येते. बोन्सायच्या बहुतेक पुस्तकांत हाडांचा चुरा आणि रक्ताचे खत सुचवलेले असते. ते माझ्या घरात येणे शक्य नव्हते. पहिली काही वर्षे मी मनात खंत बाळगली, की आपल्या झाडाला काहीतरी कमी पडते आहे. मग वाचनात आले, की जपानी माळ्यांचे मुख्य खत तेलबियांची पेंडच असते. आपल्या मोहरीच्या भाऊबंद बियांचे तेल गाळून उरलेली पेंड. मी निंबोळी आणि सरकीची पेंड वापरतो. चाळीस वर्षांत झाडाने तक्रार केलेली नाही.

आता कोंबांविषयी. फाल्गुनाच्या आगेमागे प्रत्येक फांदीच्या टोकावर मेणबत्तीसारखे उभे, फिकट कोंब येतात. ते तसेच सोडले तर झाड उंच आणि विरळ होते. म्हणून सुया उलगडण्याआधी ते बोटांनी निम्मे मोडायचे. कात्रीने नव्हे, कारण कात्रीने सुयांची टोके कापली जाऊन तपकिरी होतात. जपानमध्ये जो काळा पाइन वापरतात, त्याचा पहिला कोंब उन्हाळ्याच्या आरंभी पूर्ण काढून टाकतात. मग तो दुसऱ्यांदा फुटतो आणि त्या दुसऱ्या फुटीच्या सुया आखूड राहतात. हीच युक्ती पांढऱ्या पाइनवर केली तर ते झाड खचते, कारण तो वर्षातून एकदाच फुटतो. माझा चीड या दोघांपेक्षा निराळा. त्याची सुई वीतभराची अर्धी वीत झाली, त्याखाली ती गेली नाही. ती खाली येईल ही आशा मी साधारण २००५ साली सोडली. त्यानंतर झाड मला अधिक सुंदर दिसू लागले.

वडा-पिंपळाचे बोन्साय करणाऱ्यांना पाइनची एक गोष्ट समजत नाही. पिंपळ कोठेही कापा, तो कोठूनही फुटतो. आपल्या सरायच्या जुन्या भिंती पाहा. दगडाच्या फटीत, चिमूटभर चुन्यावर, उभा जन्म काढलेला हातभर पिंपळ तेथे दिसेल. त्याला कोणी तार बांधली नाही की कोणी पेंड घातली नाही. तो आपल्या गावचा खरा बोन्साय आहे, आणि नवशिक्याने आरंभ त्याच्यापासूनच करावा, भिंतीतून उपटून नव्हे तर कुंडीत रोप लावून. पाइन तसा नाही. त्याच्या जुन्या फांदीवरच्या सगळ्या सुया काढल्या तर ती फांदी सहसा पुन्हा फुटत नाही, वाळते. पिंपळाशी चूक केली तर दोन वर्षांत ती झाकली जाते, पाइनशी केलेली जन्मभर समोर राहते.

अशी एक चूक माझ्या झाडावर आहे. फांदी वाकवण्यासाठी तिच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळतात. काही महिन्यांत फांदी त्या वळणाला रुळली की तार काढायची. १९९१ साली मी हिवाळ्यात तार बांधली. त्या उन्हाळ्यात वडिलांचे आजारपण निघाले आणि पावसाळाभर मी गच्चीवर नीटसा गेलोच नाही. पावसात फांदी जाड झाली आणि तार सालीत रुतली. मी ती तुकडे करून काढली. वळ्यावळ्यांचा तो व्रण आजही डावीकडच्या खालच्या फांदीवर आहे.

तो व्रण ओला होता त्याच वर्षी गावात साध्वीजींचा चातुर्मास होता. एके दिवशी गोचरीसाठी त्या आमच्या घरी आल्या. झाड तेव्हा पडवीत ठेवले होते. त्यांची दृष्टी फांदीवर गेली. त्यांनी शांतपणे विचारले, “श्रावकजी, याला बोलता येत नाही म्हणून बांधले का?”

मी शिक्षक, उत्तरे देण्याची सवय असलेला माणूस. त्या दिवशी उत्तर सुचले नाही. वनस्पती एकेंद्रिय जीव आहेत, त्यांना स्पर्शाचे ज्ञान आहे, हे आपण पाठशाळेत लहानपणीच शिकतो. मी ते मुलांना शिकवतही होतो. पुढे अनेक दिवस मी स्वतःशी वाद घातला. शेतकरी कापतो, माळी कापतो, आपण भाजी चिरतो. होय, परंतु ते पोटासाठी. मी कापतो ते डोळ्यांच्या सुखासाठी. या प्रश्नावर मी येथे निर्णय देणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. काय केले तेवढे सांगतो. त्यानंतर मी तार बांधली नाही. फांदी खाली आणायची असेल तर सुताच्या दोरीने छोटा दगड टांगतो आणि तो दर आठवड्याला पाहतो. जे काम तारेने एका हिवाळ्यात झाले असते, त्याला चार-पाच वर्षे लागतात. कोंब मात्र आजही मोडतो. लाल कोळी पडला की औषध न फवारता सकाळी पाण्याच्या धारेने सुया धुतो. त्यातही जीव जातातच, हे मला दिसते. झाड ठेवायचे आणि निर्दोषही राहायचे, असे दोन्ही मला साधलेले नाही.

आता या झाडाच्या पुढच्या दिवसांकडे येतो, कारण आज मला मुख्यतः तेच बोलायचे आहे.

२०१६ च्या मे महिन्यात माझी बायपास शस्त्रक्रिया झाली. एकोणीस दिवस मी शहरात रुग्णालयात होतो. मे महिन्यात उथळ तबकातील झाडाला एक दिवस पाणी मिळाले नाही तर ते गेलेच समजा. सौभाग्यवती माझ्यासोबत, मुले पुण्यात. परत येताना गाडीत मी मनाची तयारी केली होती. घरी आलो तर पाइन हिरवा. मी सुयांवर विश्वास ठेवला नाही, माती उकरून पाहिली. ओली होती. आमच्या शेजारी टी-पॉइंटवर रंगीत दगडांचे दुकान लावणारे एक गृहस्थ राहतात. त्यांची सातवीतली मुलगी रोज सकाळ-संध्याकाळ जिन्याने वर जाऊन पाणी घालत होती. तिला कोणी सांगितले नव्हते. तिने एक वहीही केली होती. दिनांक, वेळ आणि शेरा. एका दिवसाचा शेरा असा होता : “आज खूप ऊन. आईची ओली साडी कुंडीभोवती गुंडाळली.” हे मी तिला शिकवले नव्हते. ते कोणत्याही पुस्तकात मला आढळलेले नाही.

ती मुलगी आता कृषी महाविद्यालयात शिकते. सुटीला आली की आधी गच्चीवर येते, मग माझी चौकशी करते. मी आता पंच्याहत्तरीकडे आलो आहे. तबक उचलताना हात थरथरतो. मुलगा म्हणतो, “बाबा, झाड पुण्याला आमच्याकडे आणा.” त्याचे प्रेम मला कळते. त्याच्या सदनिकेच्या बाल्कनीत दिवसातून तासभर ऊन येते. पाइनला किमान सहा तास लागते. मी हे झाड त्या मुलीला द्यायचे ठरवले. घरात थोडी नाराजी झाली. “एवढ्या वर्षांचे झाड, आणि घराबाहेर?” काही हितचिंतकांनी “समाजाबाहेर?” असेही विचारले.

त्यांना मी एका झाडाची गोष्ट सांगितली, तीच येथे सांगतो. जपानमधील हिरोशिमा शहरात यामाकी नावाचे बोन्साय जोपासणारे घराणे होते. त्यांच्याकडे एक पांढरा पाइन होता. १६२५ पासून तो कुंडीत वाढवला गेल्याची नोंद आहे. म्हणजे छत्रपती शिवरायांच्या जन्माच्या आधीपासून. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला, तेव्हा त्यांचे घर स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर होते. खिडक्यांच्या काचा फुटल्या. झाडे एका उंच भिंतीच्या आड होती, ती वाचली. घरची माणसेही वाचली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली, तेव्हा जपानने त्या देशाला त्रेपन्न बोन्साय भेट दिली. मासारू यामाकी यांनी त्यात आपला हा पाइन दिला. ज्या देशाने आपल्या शहरावर बॉम्ब टाकला, त्या देशाला. आणि झाडाने काय पाहिले आहे, याचा गाजावाजा केला नाही. पंचवीस वर्षे वॉशिंग्टनच्या संग्रहालयातील माळी त्याला पाणी घालत राहिले, त्यांना हा इतिहास ठाऊक नव्हता. २००१ मध्ये यामाकींचे दोन नातू आजोबांचे झाड पाहायला तेथे गेले, तेव्हा तो उलगडला. ते झाड आजही तेथे आहे.

टोकियोच्या राजवाड्यात तिसरा शोगुन इएमित्सू याच्या नावाने ओळखला जाणारा एक पाइन आहे. त्याचे वय पाचशे वर्षांहून अधिक मानतात. त्याला किती हातांनी पाणी घातले असेल? त्यांतील बहुतेक हात शोगुनच्या नात्यातले नव्हते. ज्यांनी पाणी घातले त्यांचे ते झाड, एवढाच वारसा मला त्यात दिसतो. आपल्या मराठी मुलखातही हे वेड आता एकट्यादुकट्याचे राहिलेले नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने ‘बोन्साय नमस्ते’ हे मोठे प्रदर्शन भरले होते. शस्त्रक्रियेनंतरचा माझा तो पहिला लांबचा प्रवास. त्या मुलीला व तिच्या वडिलांना मी सोबत नेले होते. परदेशी कलाकारांनी घडवलेली झाडे पाहून तिने मला हळूच विचारले, “आजोबा, आपल्या झाडाला तो तारेचा व्रण आहे, तो झाकता येईल का?” मी म्हणालो, येईल. त्या बाजूला नवी फांदी वाढवली तर वीस वर्षांत झाकला जाईल. ती थोडा वेळ थांबून म्हणाली, “मग राहू द्या.”

येत्या माघात कुंडी बदलायची आहे. मागच्या खेपेला पाच वर्षे झाली. मुरूम आणून ठेवला आहे, वीटचुरा चाळायचा राहिला आहे. या वेळी मुळे ती कापणार आहे आणि मी समोर पाटावर बसून माती चाळून देणार आहे. त्यानंतर तबक तिच्या घराच्या ओट्यावर जाईल. तेथे सकाळचे ऊन चांगले येते, मी आठवडाभर घड्याळ लावून पाहिले आहे. ज्यांना झाड पाहायचे असेल त्यांनी यापुढे माझा जिना चढण्याचे कष्ट घेऊ नयेत, शेजारच्या दारी विचारावे.